कादंबरीचा दुसरा खर्डा: कीर्द घालून, खतावणी करून

माझ्या कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात एका पाहुण्याला ‘गसुमनगरम चहा’ दिला जातो.

झालं असं की नायिकेचं नाव आधी रमा होतं. पहिला खर्डा संपल्यावर ते मला पटेना, म्हणून सुमन करायचं ठरवलं. संगणकाला सांगितलं, जिथं जिथं ‘रमा’ दिसेल तिथं ‘सुमन’ घाल. त्यानं हुकूम अक्षरशः पाळला. गरमागरम चहातली रमा सुमन झाली, परमात्म्यातलीही झाली. पण ‘रमेनं’, ‘रमेला’, ‘रमेची’ ही रूपं तशीच राहिली, कारण त्यात ‘रमा’ नाही, ‘रमे’ आहे. खर्डा वाचायला दिलेल्या मित्रानं विचारलं, “सुमन कळली, पण ही रमा कोण? सवत काय?”

मी बेळगावच्या रविवार पेठेत एका भुसार दुकानात हिशेब लिहितो. दुकानात आम्ही अशी घाई कधी करत नाही. दिवसभर जे घडेल ते आलं तसं कीर्दीत उतरतं: कोण आलं, किती पोती नेली, किती रोख, किती उधार. मग सावकाश बसून त्या नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायच्या. गिऱ्हाईक समोर उभं असताना कोणी त्याचं तीन वर्षांचं खातं तपासत बसत नाही. मी कादंबरीच्या बाबतीत नेमकं तेच करत होतो. वाचता वाचता दुरुस्ती, दुरुस्ती करता करता नवं लेखन, मग पुन्हा पहिल्या पानावर. सात महिन्यांत नऊ प्रकरणांपर्यंत पोचलो. तिथं लक्षात आलं की चौथ्या प्रकरणात वारलेली अक्का नवव्यात भाकरी थापते आहे, आणि तिला मारायचं की जगवायचं हे मीच दोनदा वेगवेगळं ठरवलेलं आहे.

मग दुकानातली पद्धत घरी आणली. ती इथं सविस्तर सांगतो. साठ-ऐंशी हजार शब्दांचं काहीही दुरुस्त करत असाल, तरी ती चालेल.

आधी गाडी थांबवा

पहिला खर्डा संपला की तो बांधून ठेवा. मी गणपतीच्या आधी संपवला आणि दिवाळीनंतर उघडला. मधल्या काळात सुचलेलं एका कागदावर टिपायचं, मूळ फाईलला हात लावायचा नाही.

उघडायच्या आधी एक कंटाळवाणं काम आहे. एकच प्रत खरी ठरवायची. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘हीच खरी’ अशा चार फायली असतात आणि चारही एकमेकींपेक्षा थोड्या थोड्या वेगळ्या असतात. त्या सगळ्या ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकला. कामाच्या प्रतीला तारखेचं नाव द्या आणि त्यात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस घाला, म्हणजे फायली आपोआप ओळीनं लागतात. दर रविवारी नव्या तारखेची प्रत करायची आणि आदल्या आठवड्याची तशीच राहू द्यायची. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. आमच्याकडे जून लागला की खानापूर भागात वीज जाणं नित्याचं आहे, बेळगावातही फार वेगळं नसतं. जतन न केलेलं प्रकरण पावसात जातं आणि परत तसं लिहून होत नाही.

तुमचा खर्डा जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपीसारख्यात टाइप झालेला असेल, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणा. नंतर नको, आधीच. रूपांतरात जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी एक घर सरकते, शब्दांच्या मधे फुकटच्या मोकळ्या जागा राहतात. हे सगळं एकदा सरळ वाचून काढावं लागतं. दुरुस्ती झालेल्या मजकुरावर ही पाळी आली तर रडू येतं.

युनिकोडमध्येही एक छुपी भानगड आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडून, मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून एक शोधला की दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच. ज्यांनी निम्मी कादंबरी फोनवर आणि निम्मी संगणकावर लिहिली आहे, त्यांच्याकडे हा घोळ हमखास असतो. सुरुवातीलाच एक रूप ठरवून सगळीकडे तेच करून घ्या.

आणि पानांच्या आकड्यांवर विसंबू नका. दुरुस्तीत पानं रोज सरकतात. प्रत्येक प्रसंगाला आकडा द्या: ७.३ म्हणजे सातव्या प्रकरणातला तिसरा प्रसंग. मधे नवा प्रसंग आला तर तो ७.३क. काम संपेपर्यंत आकडे बदलायचे नाहीत, प्रसंग पुढच्या प्रकरणात हलवला तरी नाही. माझा ४.२ सध्या अकराव्या प्रकरणात राहतो आणि अजून त्याला ४.२ च म्हणतात.

कीर्द: वाचायचं, हात लावायचा नाही

आता छापील प्रत काढा. कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. स्पायरल बाइंडिंग करू नका. दुकानदार आग्रह करतो, पण मग प्रकरणं सुटी करता येत नाहीत. भोकं पाडून रिंग फाईलमध्ये लावा.

ही प्रत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची, शक्य तेवढ्या कमी दिवसांत. मला आठ संध्याकाळी लागल्या. हातात पेन्सिल आणि शेजारी कीर्दवही. समासात फक्त एक आकडा लिहायचा आणि त्या आकड्याची नोंद वहीत करायची. दुरुस्ती करायची नाही. एखादा शब्द किती खटकला तरी नाही. हे फार जड जातं, पहिल्या दोन संध्याकाळी तर मी स्वतःच्याच हातावर चापट मारली आहे.

नोंदीला पाच रकाने पुरतात: क्रमांक, प्रसंग, काय दिसलं, कोणाचं खातं, झालं की नाही. माझ्या वहीतल्या काही नोंदी अशा:

१७. प्रसंग २.१. धाकट्याची करंगळी मागात सापडून तुटली. डावी की उजवी लिहिलेलं नाही. खातं: धाकटा.

४१. ६.२. वडील अडकित्त्यानं सुपारी कातरतात. तो अडकित्ता ३.४ मध्ये लेकीबरोबर सासरी गेला. खातं: वस्तू.

५८. ७.३. इथं मला झोप आली. खातं: वेग.

६३. ८.१. थोरला इतका का चिडला? मलाच माहीत नाही. खातं: थोरला.

अठ्ठावन्नसारख्या नोंदी करायला लाजू नका, जरूर करा. लेखकाला जिथं झोप येते तिथं वाचक केव्हाच उठून गेलेला असतो. पण नोंदीत उपाय लिहू नका. ‘इथं पाऊस घालावा’ अशी नोंद दोन महिन्यांनी वाचली की पाऊस का हवा होता ते आठवत नाही. काय खटकलं तेवढंच लिहा.

खतावणी: इथं खरं काम

वाचन संपलं तेव्हा माझ्याकडे तीनशे बारा नोंदी होत्या. आकडा बघून घाबरायला झालं. एकेक घेऊन दुरुस्त करायला बसलो असतो तर पुन्हा तेच सात महिने.

दुसरी वही घ्या, जाड आणि आखीव. प्रत्येक मुख्य पात्राला चार पानं, म्हणजे एक खातं. मग स्थळं, वस्तू, काळ, भाषा, वेग यांची खाती. कथेत एखादा प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवलेला असेल, तर त्यालाही एक खातं. आता कीर्दीतली एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवा. दोन दिवस जातात. हे दोन दिवस वाचवू नका, कारण इथं काहीतरी दिसतं जे वाचताना दिसत नाही.

मला दिसलं ते असं. तीनशे बारांपैकी सत्तेचाळीस नोंदी एकट्या थोरल्या भावाच्या खात्यावर होत्या. वेगवेगळ्या प्रकरणांतल्या, वरवर वेगवेगळ्या: इथं तो उगाच बोलतो, तिथं गप्प का, इथं त्याला पैसे कुठून आले. सत्तेचाळीस नोंदी एकाखाली एक लिहिल्यावर कळलं की हे सत्तेचाळीस दोष नाहीत. बेचाळीसच्या चळवळीत तो घरातून पळून गेला की घरात राहून लपला, हे मी ठरवलेलंच नव्हतं. काही प्रकरणांत तो पळालेला होता, काहींत लपलेला. एक निर्णय झाला आणि तीसेक नोंदी एका रेघेनं मिटल्या.

म्हणून खातं फुगलेलं दिसलं की सुट्या नोंदी दुरुस्त करायला लागू नका. त्या खात्याच्या माथ्यावर एक चौकट आखा आणि त्यात निर्णय लिहा, तारखेसकट: ‘थोरला शहापूर सोडत नाही. १२ डिसेंबर.’ खाली, या निर्णयानं कुठले प्रसंग बदलतील त्यांचे आकडे. तारीख का? कारण जानेवारीत तुम्ही तोच निर्णय उलटा घ्याल आणि त्या वेळी आधीचा का घेतला होता ते डोळ्यांसमोर असलं पाहिजे. माझ्या ‘अक्का’ खात्यावर तीन निर्णय आहेत, दोन खोडलेले. ती शेवटी जगली.

काळाचं खातं

आपल्या भागातली गोष्ट असेल आणि ती चार-पाच दशकं मागची असेल, तर हे खातं सगळ्यात जाड होतं. सरकारं बदलली, नावं बदलली, नाणी बदलली, आणि प्रत्येक बदल कुठल्या ना कुठल्या संवादात चुकीच्या वर्षी शिरून बसलेला असतो. डाव्या रकान्यात साल, मधे खऱ्या जगात काय होतं, उजवीकडे माझ्या पात्रांचं काय चाललंय आणि त्यांची वयं, असा तक्ता करा.

माझ्या तक्त्यानं काय काय पकडलं ते सांगतो. शहापूर आज बेळगावचाच भाग, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होतं. मी बेचाळीसच्या प्रसंगात बेळगावच्या फौजदाराला थेट शहापुरात झडतीला पाठवलं होतं. रस्ता ओलांडला की दुसऱ्याची हुकूमत, हे लक्षात आल्यावर ती चूकच कथेचा आधार झाली. थोरला शहापूर सोडत नाही, या निर्णयाचं कारण तिथंच मिळालं.

दुसरं, सरकारचं नाव. बेळगाव जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. दुसऱ्या दिवसापासून म्हैसूर राज्यात. आणि म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. माझं एक पात्र १९६५ मध्ये ‘कर्नाटक सरकार’ला शिव्या देत होतं. शिव्या तशाच ठेवल्या, सरकार म्हैसूरचं केलं. छप्पनच्या त्याच फेररचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापूरला गेला, त्यामुळे सुमनचं माहेर चंदगडकडचं असेल तर तिचा जिल्हा लग्नानंतर बदलतो. माणूस जागचा हलला नाही आणि जिल्हा हलला, ही आपल्याकडची जुनी गोष्ट. शहराचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं ते २०१४ च्या १ नोव्हेंबरला, तेव्हा त्याआधीच्या कुठल्याही सरकारी कागदावर ते येता कामा नये.

पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधी आणे आणि पै. छप्पन साली चहा ‘दहा पैशांना’ पाजू नका. किलो आणि लिटरही त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू रुळले, तोवर बाजार शेर-मणाचा आणि रस्ता मैलांचा.

आणि चांदणं. १ नोव्हेंबर १९५६, गुरुवार. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तो दिवस, आजही इथं काळा दिन म्हणून पाळतात. त्या रात्री मी माझ्या पात्रांना गच्चीवर टिपूर चांदण्यात बसवलं होतं. एका जाणत्या वाचकानं सांगितलं, अरे, ती ऐन दिवाळी होती, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, चांदणं आणलंस कुठून? खरंच की. घरोघर पणत्या लागलेल्या, आकाशात चंद्र नाही आणि खाली हे. मी लिहिलेल्या चांदण्यापेक्षा हा अंधार कितीतरी चांगला निघाला. तेव्हापासून तारीख सांगितलेल्या प्रत्येक प्रसंगाची तिथी मी जुन्या पंचांगात बघतो.

तुमची गोष्ट आजच्या काळातली असेल तर हे खातं दोन पानांत उरकेल. तरी पात्रांची वयं एकदा मांडाच.

पट्ट्या जमिनीवर

आता निर्णय झाले, पण कादंबरी अजून जुनीच आहे. प्रत्येक प्रसंगासाठी कागदाची एक पट्टी कापा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीचा कागद उत्तम, जाड असतो. पट्टीवर चार गोष्टी: प्रसंगाचा आकडा, कोण कोण आहे, कधी आणि कुठं, आणि प्रसंगाच्या शेवटी काय बदललं. चौथी जागा रिकामी राहिली तर त्या पट्टीचा कोपरा दुमडा. माझ्या एकोणनव्वद पट्ट्यांपैकी चौदा दुमडल्या गेल्या, त्यातल्या नऊ प्रसंगांत माणसं नुसती चहा पीत होती.

पट्ट्या जमिनीवर मांडा, घरच्यांना दोन दिवस त्या खोलीत येऊ देऊ नका. सरकवा, उचला, एकावर एक ठेवा. एकाच पात्राच्या पट्ट्यांवर एका रंगाची रेघ मारली तर ते पात्र किती वेळ गायब आहे ते लांबून दिसतं. माझ्या कथेतली धाकटी बहीण सलग सतरा पट्ट्या नव्हती. मांडणी पक्की झाली की फोनवर फोटो काढा आणि मगच पंखा लावा.

निपाणीची माझी एक मैत्रीण १९८१ च्या तंबाखू आंदोलनावर कादंबरी लिहिते आहे. ती हेच काम संगणकावर तक्त्यात करते, रकाने रंगवते, क्षणात क्रम बदलते. तिला ते जमतं. मला एकोणनव्वद प्रसंग एका नजरेत दिसले पाहिजेत आणि माझ्या पडद्यावर बावीसच मावतात.

फेऱ्या

इथून पुढं लेखन. पण एका वेळी एकाच प्रकारचं.

पहिल्या फेरीत फक्त मोठी कामं: प्रसंग काढणं, हलवणं, नवे लिहिणं, निर्णयांप्रमाणे घटना बदलणं. भाषा ओबडधोबड राहिली तरी चालेल. जो प्रसंग उद्या जाणार आहे त्यातली वाक्यं आज घासू नका. मी एका लग्नाच्या प्रसंगावर पंधरा दिवस घालवले, मांडे भाजण्याचं वर्णन तर इतकं साधलं होतं की बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग पट्ट्या मांडल्या आणि लग्नच काढावं लागलं. काढलेलं फेकत मात्र नाही. ‘काढलेलं’ नावाची एक फाईल आहे, प्रत्येक तुकड्यावर त्याचा जुना आकडा. परत वापर क्वचितच होतो, पण ती फाईल आहे म्हणून कात्री चालवायला हात धजतो.

दुसऱ्या फेरीत एकेक पात्र. खातं उघडायचं आणि त्या पात्राचे प्रसंग फक्त, सलग, बाकी सोडून वाचायचे. धाकट्याची करंगळी सगळीकडे डावीच राहते का, तो बोलतो तसा शेवटपर्यंत बोलतो का, हे असंच कळतं.

तिसरी फेरी भाषेची. चौथी शुद्धलेखनाची. या दोन्ही एकत्र करायचा मोह होतो, तो टाळा. का ते पुढं येतं.

प्रत्येक नोंद मिटली की कीर्दीत शेवटच्या रकान्यात खूण. रोज बसताना आधी वही उघडायची, फाईल नंतर. उठताना उद्या कुठून सुरू करायचं ते एका ओळीत लिहून ठेवायचं. हिवाळा आमच्याकडे संमेलनांचा असतो, कडोली झालं की उचगाव, मग येळ्ळूर, कुद्रेमनी. महिना-महिना खंड पडतो. ती एक ओळ नसती तर दर खंडानंतर मी पुन्हा पहिल्या पानावरून सुरू केलं असतं.

भाषेचं खातं

पुण्यामुंबईच्या लेखकाला हे खातं एका पानात पुरत असेल. सीमाभागातल्याला नाही.

माझ्या खर्ड्यात धाकटा एका ठिकाणी ‘काय करायलास?’ म्हणतो, दुसरीकडे ‘करालास’, तिसरीकडे ‘करूलास’. तिन्ही मी कानांनी ऐकलेले आहेत, वेगवेगळ्या गल्ल्यांत आणि गावांत. पण एकच माणूस तिन्ही बोलणार नाही. म्हणून या खात्यात प्रत्येक पात्राला एक पान आणि पानावर ते कसं बोलतं त्याची पंधरा-वीस रूपं. थोरला असं म्हणतो, सासू असं म्हणते. कोण कोणाला अहो म्हणतं, कोण अगं, कधीपासून. एखादं पात्र शाळा शिकून मास्तर झालं असेल तर त्याची भाषा कुठल्या प्रकरणापासून बदलते तेही.

निवेदनाची भाषा वेगळी ठरवा. ‘केले’ लिहिणार की ‘केलं’? दोन्ही चालतात, पण निवेदनात एक आणि संवादात एक असं ठरवलंत तर ते पाळा. माझ्या पहिल्या तीन प्रकरणांत ‘केले’ होतं आणि चौथ्यापासून ‘केलं’, कारण चौथ्यापासून मला लिहायची मजा येऊ लागली होती.

मग कन्नड. सुमनची सासू हुक्केरीकडची, घरी कन्नड बोलणारी. ती दारात आलेल्याला ‘बर्री, कूड्री’ म्हणणार आणि ‘ऊट आतेन्री?’ विचारणार. आपल्या वाचकाला ते कळतं, नागपूरच्याला नाही. मी कंसात अर्थ देऊन पाहिला, वाक्य लंगडं झालं. तळटीप दिली, सासू पाठ्यपुस्तकातली वाटायला लागली. शेवटी असं ठरवलं की पुढच्या माणसाच्या उत्तरात अर्थ यावा: “जेवूनच आलोय, आई.” हा निर्णयही माथ्यावरच्या चौकटीत, नाहीतर नवव्या प्रकरणात पुन्हा कंस उगवतात.

कन्नड शब्द देवनागरीत कसा लिहायचा हे ज्याची मायबोली कन्नड आहे त्याच्याकडून तपासून घ्याच. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. नेहमीच्या देवनागरीत तो फरक दाखवायची सोय नाही. आपण तडजोड करणार, पण ती सगळीकडे एकच हवी. माझ्या शेजारच्या रायांनी चार चुका काढल्या आणि वर म्हणाले, तुमची ही सासू सुनेला आदराचा ‘री’ लावते, आमच्यात नाही लावणार. पाहुण्याला लावेल. केवढी मोठी गोष्ट एका अक्षरात होती.

आता शुद्धलेखनाची फेरी वेगळी का ते सांगतो. मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे, निवेदन त्यांना धरून असावं. पण तीच कात्री घेऊन संवादांत शिरलात तर ‘करालास’चं ‘करतोस’ होतं आणि शहापूरचा विणकर सदाशिव पेठेत राहायला जातो. म्हणून चौथ्या फेरीत फक्त निवेदन. संवाद तपासायचे ते पात्राच्या पानाशी, नियमांशी नाही.

नाव बदलायचं असेल तर? ‘सगळे एकदम बदला’ हे बटण विसरा. जुन्या नावाची सगळी रूपं आधी खात्यात लिहा: रमा, रमे, रमी, रमाबाई. एकेक रूप शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून, वाचून बदला. दीड तास लागतो.

वाचक आणि मग प्रकाशक

दुसऱ्या फेरीनंतर तीन जणांना द्या. जास्त नकोत. एक नुसता गोष्टी वाचणारा, एक तो काळ पाहिलेला, एक दोन्ही भाषा येणारा. ‘कशी वाटली’ विचारू नका, ‘छान’ म्हणतील. विचारा, कुठं वाचन थांबवून उठलात? कोण कोण आहे ते कुठं विसरलात? उत्तरं कीर्दीतच जातील, नोंदीपुढं वाचकाच्या नावाचं एक अक्षर. दोघांनी एकाच प्रसंगाला बोट लावलं तर तिथं दुखतंय हे नक्की. ते सांगतील तेच औषध द्यायला पाहिजे असं नाही.

प्रकाशकाकडे पाठवताना संहितेबरोबर दोन पानं जोडा: भाषेच्या खात्याचा गोषवारा. कुठलं पात्र कुठली रूपं वापरतं, कुठले शब्द मुद्दाम तसे आहेत, कन्नड शब्द कसे लिहिलेत. मुद्रितशोधन करणारी व्यक्ती तुमच्या गावची नसणार, आणि तिला चूक दिसली की ती सुधारणार, तेच तिचं काम. ही दोन पानं नसतील तर प्रुफांवर तुम्ही महिनाभर भांडत बसाल. प्रुफं आली की ती खतावणी शेजारी ठेवूनच वाचा, पात्रवार. आणि या टप्प्यावर नवं वाक्य सुचलं तर ते पुढच्या पुस्तकाच्या वहीत लिहा.

माझी प्रुफं वैशाखात आली. ‘करालास’ सगळीकडे शाबूत होतं. चहा गरमागरम होता. शेवटची प्रुफं परत पाठवल्यावर चार दिवसांनी पुण्याहून मुद्रितशोधकबाईंचा फोन आला.

“पान एकशे बारावर एक शंका आहे. सुमन मागाशेजारी बसलीय, आणि पुढचं वाक्य आहे, ‘र मेला हाक मारली.’ कोण मेला?”

जुन्या फॉन्टमधून येताना र आणि मे यांच्या मधे एक मोकळी जागा शिरली होती, त्यामुळे ‘रमेला’ शोधून काढताना ती सापडलीच नव्हती. मी बाईंना दुरुस्ती सांगितली आणि कीर्द उघडून तीनशे तेरावी नोंद केली. खातं: सुमन.